पहिला छेद कुणाच्या डोळ्यावर?

डोळ्यांचे डॉक्टर शिकतात कसे, हा प्रश्न फक्त मेडिकलवाल्यांचा नाही. सरकारी दवाखान्याच्या रांगेत ज्यांची आजी बसते, त्या सगळ्यांचा आहे.

गाडी शिकताना तुम्ही पहिल्याच दिवशी ती वसमत रोडच्या गर्दीत घातली होती का? नाही ना? आधी लर्निंग लायसन्स काढलं, घरचं कुणीतरी मागे बसलं, मोकळ्या रस्त्यावर दोन-चार दिवस क्लच-ब्रेकची ओळख झाली, मग कुठे गर्दीत जायची परवानगी मिळाली. यात आपल्याला काही विशेष वाटत नाही. शिकणाऱ्याला चुकायला मोकळी जागा लागते, हे आपण धरूनच चालतो.

आता हाच प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरबद्दल विचारून बघा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया प्रत्येक सर्जनने आयुष्यात कधीतरी पहिल्यांदा केलेली असते. त्या वेळी टेबलावर कोण होतं? बहुतेक वेळा सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यात आलेला, फारसे प्रश्न न विचारणारा एखादा म्हातारा माणूस. कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी आजी. कदाचित तुमचीच.

याचा अर्थ सरकारी दवाखान्यात जाऊ नका, असा मुळीच नाही. शिकणारे डॉक्टर तिथेच घडतात आणि ते घडायलाच हवेत. मुद्दा एवढाच की त्यांना चुकायला मोकळी जागा कोण देणार, आणि ती माणसाच्या डोळ्याच्या आधी मिळणार की नंतर?

केसाहून पातळ

आधी हे काम किती नाजूक आहे ते समजून घेऊ. माणसाचा डोळा समोरून मागे साधारण २४ मिलिमीटर. बुबुळाची पारदर्शक काच मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड. तिच्या मागे जेमतेम तीन मिलिमीटरची पोकळी. त्या पोकळीत हत्यारं घालून गढूळ झालेलं भिंग बाहेर काढायचं आणि त्याच जागी कृत्रिम भिंग बसवायचं. हे भिंग एका पिशवीत असतं. पिशवीची पुढची बाजू गोल कापून उघडायची, पण मागच्या बाजूला धक्का लावायचा नाही. ही मागची बाजू साधारण चार मायक्रॉन जाड, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या केसापेक्षा पंधरा-वीस पट पातळ. ती फाटली की मागचा द्रव पुढे येतो, भिंगाचे तुकडे खाली पडू शकतात, पुढे पडदा सरकण्याचा आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

हे सगळं करताना सर्जन स्वतःच्या हातांकडे बघत नसतो. नजर सूक्ष्मदर्शकात, हात खाली, एक पाय सूक्ष्मदर्शकाच्या पेडलवर. फेको मशीन असेल तर दुसरा पाय त्याच्या पेडलवर. टाका घालायची वेळ आलीच तर धागा इतका बारीक की साध्या डोळ्यांना तो नीट दिसतही नाही. पुस्तक तोंडपाठ असणं आणि हे हातांना जमणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हायवात पहिला आलेला मुलगा पहिल्या दिवशी टेबलावर पहिला येईलच असं नाही. हात शिकतात ते करून करूनच.

जे. जे. मध्ये पेटलेला प्रश्न

तीन वर्षांपूर्वीपर्यंत या विषयावर बाहेर फारसं कुणी बोलत नव्हतं, असं म्हटलं तर चालेल. मग २०२३ च्या मे महिन्याच्या शेवटी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा नेत्ररोग विभाग बातम्यांमध्ये आला. आम्हाला शस्त्रक्रिया करायला पुरेशी संधी मिळत नाही, अशी तिथल्या निवासी डॉक्टरांची तक्रार होती. मार्ड ही निवासी डॉक्टरांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि संप झाला. दुसऱ्या बाजूला पद्मश्री डॉ. तात्याराव लहाने आणि विभागप्रमुख डॉ. रागिणी पारेख यांच्यासह नऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. त्यांनी सगळे आरोप फेटाळले.

मराठवाड्यात ही बातमी जरा जास्तच मनाला लागली. कारण तात्याराव लहाने आपल्याकडचे. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावातून आलेला, सरकारी कॉलेजात शिकलेला मुलगा. १९९५ मध्ये आईने दिलेल्या मूत्रपिंडावर पुन्हा उभा राहिलेला आणि लाखाहून अधिक लोकांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया केलेला सर्जन. नीटची तयारी करणाऱ्या किती तरी पोरांनी त्यांच्याकडे बघून अर्ज भरलाय. त्यामुळे तेव्हा चर्चा झाली ती 'कोण बरोबर, कोण चूक' याचीच. व्हॉट्सअॅपवर दोन गट पडले आणि विषय तिथेच संपला.

मला त्या भांडणाचा निवाडा करायचा नाही, तो माझा अधिकारही नाही. पण त्यात एक प्रश्न होता, जो दोन्ही बाजू सोडून आपण सगळ्यांनी विचारायला हवा होता. विद्यार्थ्याने किती शस्त्रक्रिया बघितल्या, कितींमध्ये मदत केली, किती स्वतःच्या हाताने केल्या आणि त्यांचं पुढे काय झालं, याचा हिशोब कोण ठेवतं? तो चोख आणि सगळ्यांना दिसेल असा असता, तर भांडण माणसांवर गेलंच नसतं. वही उघडली असती, आकडा दिसला असता, विषय मिटला असता.

आणि एक लक्षात घ्या. रुग्णाच्या डोळ्याची काळजी म्हणून ज्येष्ठांनी हत्यार हातात देताना सावध राहणं, हेही चूक नाही. तीन वर्षांत सर्जन व्हायचंय म्हणून विद्यार्थ्याने हत्यार मागणं, हेही चूक नाही. दोघांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी. मधली पायरीच गायब असते.

टोमॅटो, द्राक्ष आणि बकऱ्याचा डोळा

ही मधली पायरी म्हणजे सरावाची प्रयोगशाळा. डॉक्टर मंडळी तिला वेट लॅब म्हणतात. नाव भारी असलं तरी सुरुवात अगदी साधी आहे. टोमॅटोची किंवा द्राक्षाची साल न फाडता गोल सोलायची, म्हणजे पिशवी उघडण्याचा अंदाज येतो. फोमच्या तुकड्यावर टाके घालायचे. सूक्ष्मदर्शकाखाली बघत बारीक चिमट्याने कागदाचा कपटा उचलायचा. हे करून बघितलं की पहिल्या दिवशी हात किती थरथरतो ते कळतं, आणि दहाव्या दिवशी किती कमी थरथरतो तेही.

पुढची पायरी जनावराच्या डोळ्याची. आपल्याकडे बहुधा बकऱ्याचा डोळा वापरतात, कारण तो खाटकाकडे त्याच दिवशी ताजा मिळतो. बर्फात ठेवून आणायचा, थर्माकोलच्या डोक्यात किंवा साच्यात पक्का बसवायचा आणि खऱ्या हत्यारांनी बोगद्यासारखा छेद घेण्यापासून भिंग बसवण्यापर्यंत सगळं करायचं. बकऱ्याची भिंगाची पिशवी माणसाच्या पिशवीपेक्षा जास्त ताणली जाते, त्यामुळे सगळं हुबेहूब जमत नाही. पण छेद, टाके आणि दोन्ही हातांचा मेळ यासाठी तो उत्तम गुरू आहे. ज्यांना जनावराचा डोळा नको वाटतो त्यांच्यासाठी कृत्रिम डोळेही मिळतात. फक्त शिस्त कडक हवी. या सरावाची हत्यारं पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये जाता कामा नयेत आणि कचऱ्याची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीच व्हायला हवी.

तिसरी पायरी संगणकाची, म्हणजे सिम्युलेटर. विमानाचा पायलट आधी सिम्युलेटरवर शिकतो, तसंच. हात हलवला की पडद्यावरच्या डोळ्यात हत्यार हलतं आणि पिशवी फाटली तर मशीन गुण कापतं. माणसाचं काही जात नाही.

आकडे काय म्हणतात?

'हे सगळे श्रीमंतांचे चोचले' असं कुणी म्हणेल. म्हणून दोन आकडे सांगतो.

ब्रिटनमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांनी केलेल्या शस्त्रक्रियांमध्ये मागची पिशवी फाटण्याचं प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होतं. ठिकठिकाणी सिम्युलेटर आल्यानंतर २०१५ पर्यंत ते २.६ टक्क्यांवर आलं. ठीक आहे, तो श्रीमंत देश आहे.

मग आफ्रिकेकडे बघा. केनिया, टांझानिया, युगांडा आणि झिम्बाब्वे या चार देशांतल्या ५० शिकाऊ डॉक्टरांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना नेहमीच्या शिक्षणाबरोबर फक्त पाच दिवसांचा जोरकस सराव दिला, तोही माणसाच्या डोळ्याला हात न लावता. पुढच्या वर्षभरात सराव केलेल्यांच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण ७.८ टक्के राहिलं, न केलेल्यांचं २६.६ टक्के. आणि सराव केलेल्यांना वर्षभरात शस्त्रक्रियाही दुपटीहून जास्त करायला मिळाल्या. कारण उघड आहे. हात तयार दिसला की ज्येष्ठ डॉक्टर विश्वासाने हत्यार पुढे करतात.

विशेष म्हणजे ही चाचणी महागड्या फेकोवर नव्हती. आपल्याकडच्या सरकारी आणि धर्मादाय दवाखान्यांत जी छोट्या छेदाची, बिनटाक्याची, कमी खर्चाची शस्त्रक्रिया रोज होते, तिच्यावरच होती.

आता आपल्या देशातला आकडा. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं सर्वात मोठं कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हेच निघालं, ६६.२ टक्के. पण त्याच यादीत आणखी एक ओळ आहे, जी फारसं कुणी वाचत नाही. ७.२ टक्के अंधत्वाला कारण होतं मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत. ही सगळी शिकाऊ डॉक्टरांमुळे झाली असं अजिबात नाही. त्यात संसर्ग आहे, उशिरा आलेले रुग्ण आहेत, नंतरची काळजी न घेणं आहे. पण दृष्टी यावी म्हणून जो माणूस टेबलावर झोपला, त्याची दृष्टी तिथेच गेली, ही गोष्ट एका टक्क्यालाही परवडणारी नाही.

परभणीसाठी यात काय आहे?

परभणीकरांनी मागणी लावून धरली, आंदोलनं केली, तेव्हा कुठे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. २०२३-२४ पासून १०० जागांवर एमबीबीएसचे प्रवेश सुरू झाले. आता प्रश्न आहे तो या १०० जणांच्या हातात काय पडणार याचा.

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने मोतीबिंदू काढावा, अशी कुणाचीच अपेक्षा नाही. ते काम पुढे एमएस किंवा डीएनबी करणाऱ्यांचं. अभ्यासक्रमसुद्धा एमबीबीएसवाल्याला शस्त्रक्रियेच्या टीमचा भाग व्हायला सांगतो, सर्जन व्हायला नाही. नंतर इंटर्नशिपमध्ये डोळ्यांच्या विभागाला मिळतात जेमतेम दोन आठवडे. पण याच अभ्यासक्रमात डोळ्यातला कण काढण्याचं तंत्र सरावाच्या साधनावर करून दाखवायचं, असंही लिहिलेलं आहे. आपल्या जिल्ह्यासाठी ही ओळ सोन्यासारखी आहे.

का ते बघा. ज्वारी काढताना डोळ्यात कुसळ जातं. उसाचं पातं बुबुळाला लागतं. मळणी यंत्रातून भुसा उडतो, वेल्डिंगच्या दुकानात लोखंडाचा कण उडतो. मग कुणी जिभेने काढून घेतं, कुणी पदराच्या टोकाने, कुणी मेडिकलवरून कसलेतरी थेंब आणून टाकतं. झाडपाल्याच्या जखमेत बुरशी वाढते आणि थेंबात स्टिरॉइड असेल तर आगीत तेल. काही आठवड्यांनी बुबुळावर फूल पडतं. गेलेली दृष्टी मग बुबुळ बदलल्याशिवाय परत येत नाही.

हा माणूस आधी जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो. तिथे समोर बसलेला असतो एमबीबीएस डॉक्टर. त्याला पापणी उलटून बघता आली, रंगाची पट्टी लावून जखम ओळखता आली, वरवरचा कण नीट काढता आला आणि खोल असेल तर हात न लावता पुढे पाठवता आलं, तर एक डोळा वाचतो. या सगळ्याचा सराव बकऱ्याच्या डोळ्यावर एका दुपारी सुरू करता येतो. 'दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं' ही म्हण आपण टोमण्यासाठी वापरतो. आपल्याला खरोखर असे डॉक्टर हवेत, ज्यांना ते दिसतं आणि काढताही येतं.

साधनांचं म्हणाल तर परभणीकडे एक गोष्ट आहे जी सगळ्याच जिल्ह्यांकडे नसते. इथे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. जनावरांच्या डोळ्यांची रचना जाणणारे शिक्षक याच शहरात आहेत. थिएटरमधून निवृत्त झालेला एखादा जुना सूक्ष्मदर्शक, सरावाची वेगळी हत्यारं, एक फ्रीज आणि आठवड्यातली एक ठरलेली दुपार, एवढ्यावर दोन्ही महाविद्यालयं मिळून सुरुवात करू शकतात. वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा असणं नियमाने बंधनकारक आहेच. तिच्यात डोळ्याचा एक कोपरा मागायला काय हरकत आहे?

पुढे इथे नेत्ररोगाच्या पदव्युत्तर जागा येतील किंवा वाढतील, तेव्हा हा कोपरा तयार असेल. शेजारच्या जालन्यात श्री गणपती नेत्रालयासारखी संस्था आहे, पुण्यात एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय प्रशिक्षण देतं, मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात तर देशभरातून डॉक्टर शिकायला जातात. अरविंदचे संस्थापक डॉ. जी. वेंकटस्वामी यांची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. त्याच बोटांना त्यांनी सरावाने हत्यार धरायला शिकवलं आणि १९७६ मध्ये ११ खाटांवर रुग्णालय सुरू केलं. हात घडवता येतात, याचं याहून मोठं उदाहरण कुठलं देऊ?

आणि टेबलावरच्या आजीचं काय?

सराव कितीही केला, तरी एक दिवस खऱ्या डोळ्यावर छेद घ्यावाच लागणार. तेव्हा काय व्हायला हवं?

पहिलं म्हणजे एकदम पूर्ण शस्त्रक्रिया हातात नको, तुकड्या-तुकड्याने हवी. बऱ्याच चांगल्या संस्थांत शेवटची पायरी आधी शिकवतात. सुरुवातीला फक्त भिंग बसवायचं, मग आतली सफाई, मग हळूहळू मागे येत पहिला छेद. शेजारी ज्येष्ठ सर्जन जोड सूक्ष्मदर्शकातून तेच बघत असतो आणि हात अडखळला की स्वतः पुढे होतो.

दुसरं म्हणजे आजीला सांगायला हवं. 'मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिकणारे डॉक्टर यात भाग घेतील' हे एक वाक्य, तिच्या भाषेत, अंगठा घेण्याच्या आधी. ती नाही म्हणाली तर तिचा नंबर मागे जाता कामा नये. आपल्याकडची माणसं सहसा नाही म्हणत नाहीत, 'शिका बाबा, लेकरं आहात' असंच म्हणतात. पण न विचारता गृहीत धरणं आणि विचारून होकार मिळवणं यात फरक आहे. गरिबी म्हणजे संमती नव्हे.

तिसरं म्हणजे हिशोब. प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही, त्यात सरावाचे तास, शस्त्रक्रियांचा आकडा आणि गुंतागुंतीही. लपवण्यासाठी नाही, शिकण्यासाठी. आणि नियम सरळ ठेवा: सरावात ठरलेली पातळी गाठल्याशिवाय थिएटरमध्ये हत्यार नाही, आणि ती गाठली की हत्यार अडवायचं नाही. यात रुग्णही सुरक्षित राहतो आणि विद्यार्थीही.

तुम्ही काय कराल?

तुम्ही मेडिकलला असाल तर विभागप्रमुखांकडे सरावाची दुपार मागा. एकट्याने नाही, बॅचने मिळून, लेखी. पशुवैद्यकीयला असाल तर मेडिकलच्या मित्राला हा लेख पाठवा, जोडणी तुम्हीच करून देऊ शकता. इंजिनिअरिंगला असाल तर फायनल इयर प्रोजेक्टसाठी पुन्हा एकदा पार्किंग सेन्सर करण्यापेक्षा, डोळा बसवायचा स्वस्त साचा किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चालणारं सरावाचं साधन करून बघा.

आणि यातलं काहीच नसाल, तरी दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. घरात नेत्रदानाचा विषय काढा. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढले जावे लागतात, त्यामुळे निर्णय आधीच ठरलेला हवा. प्रत्यारोपणाला न चालणारे डोळे शिक्षणासाठी वापरता येतात, म्हणजे दान वाया जात नाही. दुसरी गोष्ट, आजी-आजोबांना शस्त्रक्रियेला नेलंत तर विचारा: कोण करणार आहे, सोबत कोण असेल, नंतर दाखवायला कधी यायचं? हे विचारताना आवाज चढवायची गरज नाही. नम्रपणे विचारा, पण विचारा.

परभणीने कॉलेजसाठी भांडून दाखवलं. आता त्या कॉलेजात काय शिकवलं जातं, यासाठी थोडा आग्रह धरायचा आहे. सुरुवातीचा खर्च म्हणजे एक जुना सूक्ष्मदर्शक आणि खाटकाकडून आणलेले चार डोळे.